दांड्या चार, तरी कॉल तुटतो: फोन दोन टॉवरच्या मध्ये अडकतो तेव्हा

लक्षणं ओळखीची वाटतात का बघा. घरात रेंज दिसते, चांगल्या चार दांड्या. दुपारी सगळं सुरळीत. पण संध्याकाळी साडेसात-आठला कॉल लावला की दोन मिनिटांत आवाज तुटायला लागतो, मधले मधले शब्द गायब, मग तीन सेकंद शांतता आणि कॉल बंद. गॅलरीत गेलं की ठीक, जेवणाच्या टेबलाशी आलं की पुन्हा तेच. कधी फोन वाजतच नाही आणि नंतर कळतं की समोरच्याला ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकू येत होतं. आणि हे एखाद्या दिवसाचं नाही. महिनोन्‌महिने, त्याच जागी, त्याच वेळेला.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं हेच चाललं होतं. रोज साडेसातला सांगलीच्या बहिणीशी फोन, आणि रोज तो तीनदा तुटणार. त्यांनी फोन बदलला, सिम बदललं, कस्टमर केअरच्या सांगण्यावरून फोन बंद-चालू करून करून बटण झिजवलं. शेवटी जिन्यात मला गाठलं, “अरे, तू ते टॉवरचंच काम करायचास ना? मग बघ की जरा!”

करायचो. सहा वर्षं ड्राइव्ह टेस्ट केली आहे, म्हणजे गाडीत लॅपटॉप, त्याला जोडलेले चार फोन आणि कात्रजपासून भोसरीपर्यंत गल्लीबोळातून फिरत सिग्नल मोजायचा. त्यामुळे ‘दांड्या आहेत पण कॉल टिकत नाही’ हे ऐकलं की मला फोनवर संशय येत नाही, जागेवर येतो.

आमची सोसायटी सिंहगड रोडवर, हिंगण्यात. पुढची बाजू रस्त्याकडे, पाठ मुठेकडे. काकू सातव्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीतून रस्ता दिसतो, बेडरूमच्या खिडकीतून नदी आणि पलीकडचं कर्वेनगर. मधे पॅसेज, स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल. काकूंचा चार्जर टेबलापाशी, म्हणून फोनही तिथेच. एवढं ऐकूनच मला उत्तराचा अंदाज आला होता, पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही जुनी सवय.

आधी आकडे बघा, दांड्या नकोत

दांड्या म्हणजे फोन बनवणाऱ्याने ठरवलेलं चित्र. एकाच जागी दोन कंपन्यांचे फोन वेगवेगळ्या दांड्या दाखवतात, कारण किती सिग्नलला किती दांड्या हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. आणि दांडी मुख्यतः जोर सांगते, स्वच्छपणा सांगत नाही.

अँड्रॉइडवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकून बघा, सॅमसंग असेल तर *#००११#, आयफोन असेल तर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण. काही कंपन्यांनी पहिला कोड बंद करून ठेवला आहे, मग नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर यांपैकी एखादं ऍप घ्या. दिसणाऱ्या ढीगभर आकड्यांपैकी आपल्याला पाच-सहाच लागतात.

आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा जोर. तो नेहमी उणे असतो. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० ठीकठाक, उणे ११५ च्या खाली गेलात की रडगाणं सुरू. एसआयएनआर म्हणजे आपल्या टॉवरचा आवाज आणि बाकीचा गोंगाट यांतला फरक. तो १५-२० असेल तर मजा, शून्याच्या आसपास असेल तर चार दांड्या असूनही कॉल लंगडणार. पीसीआय हा सेलचा, म्हणजे टॉवरच्या एका भागाचा, छोटा नंबर, ४जी मध्ये ० ते ५०३ मधला. टॅक हा परिसराचा नंबर, त्याच्याकडे नंतर येऊ. आणि ईसीआय हा सेलचा पूर्ण नंबर. त्याला २५६ ने भागलं की भागाकार म्हणजे टॉवर आणि बाकी म्हणजे त्या टॉवरवरचा सेल. समजा २१५०४५१४ दिसलं, तर टॉवर ८४००२ आणि सेल २.

इथे एक गोष्ट. टॉवर आणि सेल एक नव्हेत. साध्या टॉवरवर तीन दिशांना तीन अँटेना असतात आणि प्रत्येक दिशेला एकेका फ्रिक्वेन्सीचा वेगळा सेल असतो. म्हणजे एकाच खांबावर नऊ-दहा सेल सहज. फोन ‘टॉवर’ निवडत नाही, सेल निवडतो.

काकूंच्या घरात मी फोन आणि वही घेऊन फिरलो. हॉलमध्ये रस्त्याकडचा सेल उणे ८८, नदीपलीकडचा उणे १०६. बेडरूममध्ये उलट, नदीपलीकडचा उणे ९२, रस्त्याकडचा उणे ९९. आणि जेवणाच्या टेबलाशी, देव्हाऱ्याच्या भिंतीलगत, नदीपलीकडचा उणे ९६ आणि रस्त्याकडचा उणे ९७. दुपारी तीनला एसआयएनआर ११ होता. साडेसातला परत गेलो तर शून्य ते उणे २. दांड्या तेवढ्याच!

सिग्नल कमी नव्हता. दोन सारख्याच जोराचे सिग्नल होते, हीच अडचण. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, त्यातला प्रकार.

४जी मध्ये शेजारचे सेल एकच फ्रिक्वेन्सी वापरतात. त्यामुळे मी ज्या सेलवर आहे तो माझ्याशी बोलतो आणि शेजारचा सेल, माझ्यासाठी, गोंगाट करतो. दुपारी शेजारच्या सेलवर गर्दी नसते, तो थोडासाच बोलत असतो. संध्याकाळी माणसं घरी येतात, व्हिडिओ सुरू होतात, दोन्ही सेल सतत ओरडायला लागतात. जोर तोच, गोंगाट वाढलेला. म्हणून वेळ ठरलेली.

खात्री करायची असेल तर सुट्टीच्या दिवशी सिंहगडावर जाऊन बघा. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर, पुणे शहर समोर उघडं. मी पुणे दरवाज्यापाशी ऍप उघडलं तर शेजारच्या सेलची यादी संपेचना. दांड्या मस्त, आणि पिठलं-भाकरीचा फोटो काही जाईना. गर्दीचाही त्यात वाटा असतो हे खरं, पण एवढे टॉवर एकदम दिसणं हे सुख नव्हे.

फोन सेल निवडतो कसा

सर्वांत मोठा गैरसमज: फोन जवळचा टॉवर धरतो. फोनला अंतर दिसतच नाही. त्याला फक्त जोर आणि स्वच्छपणा दिसतो, आणि निवडीचे नियम त्याला टॉवरच सांगतो. प्रत्येक सेल ठरावीक वेळाने सगळ्यांना ऐकू जाईल अशी माहिती पसरवत असतो: मी कोण, कुठल्या कंपनीचा, माझ्याकडे यायचं तर किमान किती जोर हवा, शेजारी कधी शोधायचे, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती मान द्यायचा.

फोन खिशात आहे, कॉल चालू नाही, तेव्हा निवड फोनची. तो आधी बघतो की सध्याच्या सेलचा जोर किमान मर्यादेपेक्षा बराच वर आहे का. वर असेल तर शेजारी मोजायचे कष्टही न घेण्याची त्याला मुभा असते. बॅटरी वाचते. म्हणजे बाजूला कितीही छान सेल असू दे, सध्याच्याचं बरं चाललंय ना, मग शोधतो कशाला?

शोधायला लागला तरी पटकन उडी मारत नाही. सध्याच्या सेलला काही गुण वरून मिळतात, घरच्या पोराला देतात तसे. समजा कंपनीने हा वरचा गुण ४ डीबी (डेसिबल, जोरातला फरक मोजायचं माप) ठेवला आहे. काकूंचा फोन नदीपलीकडच्या सेलवर, जोर उणे ९७. रस्त्याकडचा सेल उणे ९४ झाला. ३ डीबी म्हणजे जवळजवळ दुप्पट पॉवर. तरी हिशेब होतो उणे ९७ अधिक ४, म्हणजे उणे ९३. रस्त्याकडचा उणे ९४. हरला! फोन जागचा हलत नाही. जिंकला असता तरी ती आघाडी ठरावीक वेळ, साधारण एक-दोन सेकंद, टिकावी लागते. हे मुद्दाम असं केलेलं आहे, नाहीतर टेबलाशी बसलेला फोन मिनिटाला दहा वेळा इकडून तिकडे उडाला असता. आमच्याकडे त्याला पिंगपाँग म्हणायचे.

वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींमध्ये तर आणखी मजा. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला कंपनी ० ते ७ मधली पायरी देते. २३०० मेगाहर्ट्झवर जागा जास्त, वेग जास्त, म्हणून तिला बहुधा वरची पायरी. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ भिंतीतून चांगली शिरते, पण जागा कमी, म्हणून खालची. वरच्या पायरीची फ्रिक्वेन्सी फोन अधूनमधून शोधतच राहतो, सध्याचा सेल कितीही जोरात असला तरी, आणि ती ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वर दिसली की तिकडे जातो. त्यामुळे ८५० वर उणे ८५ मिळत असताना फोन २३०० वर उणे १०८ ला जाऊन बसलेला दिसेल आणि तुम्ही त्याला शिव्या द्याल. तो सांगितलेलंच काम करतोय. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीत २३०० चा जीव लवकर जातो, तिथे हा खेळ रोज बघायला मिळायचा.

कॉल सुरू झाला की मात्र निवड फोनच्या हातात राहत नाही. फोन फक्त कळवतो की शेजारचा सेल माझ्या सेलपेक्षा इतका वर गेलाय, आणि सेल हुकूम देतो, जा तिकडे. हाच हँडओव्हर. यातही ‘इतका वर’ आणि ‘इतका वेळ’ या दोन अटी असतात. गाडीत जाताना हे नीट जमतं. घरात फजिती होते, कारण पॅसेजचं वळण आणि लिफ्टची भिंत ओलांडली की दोन पावलांत जोर १५-२० डीबी पडतो. फोन कळवेपर्यंत जुना सेल ऐकू येईनासा होतो, हुकूम पोचत नाही, आणि मग ती तीन सेकंदांची शांतता. नशीब असेल तर फोन दुसऱ्या सेलवर पुन्हा जोडून घेतो. नाहीतर बहिणीला परत फोन.

आता टॅक. कंपनीने शहराचे परिसर पाडलेले असतात आणि कॉल आला की त्या परिसरातल्या सेलवरून फोनला हाक मारली जाते. फोन झोपेत असतो, साधारण सव्वा सेकंदाने एकदा डोळा उघडून हाक आहे का बघतो. परिसर बदलला की त्याला ‘मी इकडे आलो’ असं कळवावं लागतं. काकूंच्या घरात नदी हीच परिसराची हद्द निघाली. रस्त्याकडच्या सेलचा टॅक वेगळा, कर्वेनगरच्या सेलचा वेगळा. वरचा गुण असूनही फोन टेबलाशी अधूनमधून पिंगपाँग करायचा आणि प्रत्येक वेळी पत्ता बदलल्याची वर्दी द्यायचा. नेमकी त्या गडबडीत हाक आली तर चुकते. ‘काकू, तुमचा फोन लागत नाही’ याचं मूळ हे. बॅटरी दुपारीच का संपते, याचंही.

अंतराचाही पुरावा मिळाला. ऍपमध्ये टायमिंग ऍडव्हान्स नावाचा आकडा काही फोन दाखवतात, बहुधा डेटा किंवा कॉल चालू असतानाच. ४जी मध्ये त्यातला एक म्हणजे सुमारे ७८ मीटर. रस्त्याकडच्या सेलला ४ होता, म्हणजे तीनशे मीटर. दुसऱ्याला १८, म्हणजे १४०० मीटर. नदीवर मधे अडवायला काहीच नाही, त्यामुळे सातव्या मजल्यावर तो सुखेनैव पोचत होता. रस्त्याकडचा जवळ असूनही त्याची अँटेना रस्त्याकडे झुकवलेली आणि समोर नवी इमारत उभी.

घरच्या घरी काय करता येईल

पहिल्यांदा दोष कुणाचा ते पक्कं करा. त्याच कंपनीचा दुसरा फोन, त्याच जागी, त्याच वेळेला. दोन्ही अडकले तर जागेचा दोष, एकच अडकला तर फोनचा. मागे लोखंडी पट्टीचं कव्हर असेल तर ते काढून बघायला विसरू नका, गाडीतल्या मॅग्नेटसाठी लोक लावतात आणि विसरतात. तुम्हाला समोरच्याचं स्वच्छ ऐकू येतं पण त्याला तुमचं येत नाही, असं असेल तर प्रकरण वेगळं: टॉवर वीस-चाळीस वॉटने बोलतो, फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने. तुमचा आवाज तिथवर पोचत नाहीये. तिथे खिडकीजवळ जाण्यावाचून फारसा उपाय नाही.

घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा आणि विषय संपवा. फक्त एक करा. त्या जागी बसताना एअरप्लेन मोड लावून मग वाय-फाय परत चालू करा. नाहीतर वाय-फाय जरा कमी झालं की फोन परत टॉवरकडे धावतो, आणि दोनाचे तीन पाहुणचार होतात. काकूंकडे ब्रॉडबँड नाही. काकांचा त्याला तात्त्विक विरोध आहे.

एअरप्लेन मोड लावून काढणं हा सगळ्यांना माहीत असलेला उपाय, पण लोक तो चुकीच्या जागी करतात. अडचणीच्या जागी केलात तर फोन आधी आठवणीतल्या सेलकडेच बघतो आणि पुन्हा तिथेच जाऊन बसतो. जो सेल हवा आहे त्याच्या खिडकीशी जा, तिथे एअरप्लेन मोड दहा सेकंद लावा, काढा, पीसीआय बघून खात्री करा, आणि मग टेबलाशी या. आता तो वरचा ४ डीबीचा गुण तुमच्या बाजूने. काकूंना मी हेच शिकवलं, हॉलच्या खिडकीशी. दहापैकी सातदा चाललं.

५जी दिसत असेल तर काही दिवस सेटिंगमध्ये फक्त ४जी ठेवून बघा. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि काही कंपन्यांचं ५जी हे ४जी च्या सेलला टेकू देऊन चालतं. अशा ठिकाणी फोन बसतो ४जी वरच, वर ५जी चं चिन्ह दिसतं. चिन्हाला भुलू नका. नेटवर्क सेटिंग रिसेट मात्र शेवटी. वाय-फायचे सगळे पासवर्ड जातात आणि या दुखण्यावर गुण येत नाही. मागे चिकटवायचे ‘अँटेना स्टिकर’ हे देव्हाऱ्यात ठेवण्याच्याच लायकीचे.

आणि बूस्टर लावू नका. परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे तो टॉवरच्या कानाशी गोंगाट करतो. कामावर असताना अख्खा सेक्टर, म्हणजे टॉवरची एक दिशा, आजारी का म्हणून दोन दिवस शोधत होतो, तर एका दुकानाच्या पोटमाळ्यावर असला डबा सापडला. दुकानदाराची रेंज उत्तम होती, गल्लीची बंद.

तक्रार कशी लिहायची

खरा इलाज कंपनीच्याच हातात आहे. ‘नेटवर्क येत नाही’ अशी तक्रार केलीत तर फोन बंद-चालू करा असं उत्तर येणार आणि तक्रार बंद. काकूंच्या नावाने १९८ या तक्रारीच्या नंबरवर जी तक्रार केली त्यात मी एवढंच नोंदवलं: पत्ता, मजला, दोन्ही सेलचे ईसीआय, पीसीआय आणि टॅक, टेबलाशी दोघांचे आरएसआरपी, दुपारचा आणि संध्याकाळचा एसआयएनआर, कॉल तुटल्याच्या पाच वेळा तारखेसह, आणि शेवटी ‘नदीपलीकडचा सेल इथे ओव्हरशूट होतो, टिल्ट तपासावा, आरएफ टीमकडे पाठवावं’. ओव्हरशूट म्हणजे सिग्नल नको तितका लांब पोचणं, आणि आरएफ टीम म्हणजे कंपनीतले सिग्नल सांभाळणारे इंजिनिअर. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवला. पहिल्यांदा ‘सोडवली’ म्हणून बंदच केली. त्याच क्रमांकाचा हवाला देऊन अपील केलं, तेव्हा आरएफच्या माणसाचा फोन आला. ईसीआय ऐकून त्याचा सूरच बदलला.

टिल्ट म्हणजे अँटेनाचं खाली झुकणं. हल्ली बऱ्याच ठिकाणी ते ऑफिसात बसून बदलता येतं, खांबावर चढावं लागत नाही. त्याने कर्वेनगरचा सेल थोडा खाली झुकवला. टॅकची हद्द एका इमारतीसाठी कुणी हलवत नाही, ती मागणी मी केलीच नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी नदीपलीकडचा सेल उणे १०६, रस्त्याकडचा उणे ९७ जसाच्या तसा. साडेसातला एसआयएनआर ८. सांगलीचा फोन चाळीस मिनिटं चालला. काकूंची तक्रार एकच, “अरे, पण आधी चार दांड्या यायच्या, आता तीनच येतात!”

आठ दिवसांनी बेल वाजली. दारात काका. बेडरूममध्ये पडल्या पडल्या व्हिडिओ बघायला लागलं की संध्याकाळी अडकतो म्हणाले, आधी असं नव्हतं. मी वही घेऊन वर गेलो. बेडरूममध्ये नदीपलीकडचा उणे १०१, रस्त्याकडचा उणे ९९.